आता या वयात प्रोग्रॅमिंग?

मंडळी, आजच्या भाषणाचा विषय जाहीर झाल्यापासून आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात भेटेल तो मला एकच विचारतोय, "आता या वयात प्रोग्रॅमिंग, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहून द्यायला, शिकून करायचं काय?" विचारणाऱ्यांत पस्तिशीचे आहेत तसे सत्तरीचेही आहेत. सगळ्यांना एकच उत्तर चालणार नाही, म्हणून नकोसं वाटणारं उत्तर आधी देऊन टाकते.

सॉफ्टवेअर कंपनीत फ्रेशर म्हणून चिकटायचं असेल, तर पन्नाशीत उशीर झालेला आहे. सहा महिन्यांत नोकरीची हमी देणारा क्लासवाला भेटला तर चार हात लांबच राहा. पस्तिशीतल्यांचं इतकं वाईट नाही, पण त्यांनीही होतं ते सोडून नव्या रांगेत शेवटी जाऊन उभं राहू नये. रिफायनरीच्या प्रयोगशाळेत रोज नमुने तपासणारा माणूस आपल्याच खात्यातले आकडे प्रोग्रॅमने पडताळायला शिकला, तर त्याची दहा वर्षं कामी येतात. नोकरीबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

आता बडोद्यात शिक्षणावर बोलायचं आणि सयाजीरावांचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. 1875 साली कवळाण्याचे बारा वर्षांचे गोपाळराव दत्तक आले, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले, पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण खरं सांगू का, हे उदाहरण आपल्या उपयोगाचं नाही. बाराव्या वर्षी डोकं ताजं असतं, महाराजांच्या दिमतीला शिक्षक होते, आणि खंडेराव मार्केटातून भाजी आणायची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती.

मला जपानच्या मासाको वाकामिया जास्त जवळच्या वाटतात. नोकरी बँकेतली, पहिला कॉम्प्युटर घेतला तो निवृत्तीच्या सुमारास. 2017 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, त्यांनी आयफोनसाठी एक खेळ तयार केला, "हिनादान". जपानमध्ये 3 मार्चला मुलींच्या सणाला पायऱ्यांवर राजाराणी आणि दरबारी मंडळींच्या बाहुल्या ठरलेल्या जागी मांडतात, साधारण आपल्या चैत्रगौरीच्या आराशीसारख्या. खेळात प्रत्येक बाहुली तिच्या जागी बसवायची. त्याच वर्षी ॲपलने त्यांना आपल्या परिषदेला बोलावलं आणि बातम्यांत जिकडे तिकडे 81 हा आकडा झळकला. मला त्या आकड्याचं फार कौतुक नाही. त्या खेळात बोट स्क्रीनवर सरकवावं लागत नाही, नुसतं टेकवलं की काम होतं. साठीनंतरची कोरडी बोटं स्क्रीनवर कशी अडखळतात, हे पंचविशीतल्या मुलाला कसं कळणार? वाकामियांना कळत होतं. प्रोग्रॅमिंग त्यांनी मागाहून शिकून घेतलं. काय बनवायचं, ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे. मी कॉलेजात वर्षानुवर्षं प्रोग्रॅमिंग शिकवलं. मुलं भाषा पटकन उचलतात, पण "आता काहीतरी बनवा" म्हटलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. तुमच्याकडे मात्र सोसायटीचा हिशेब असतो, मंडळाची वर्गणी असते.

सभासदांची वहीच घ्या ना. नावं वर्णक्रमाने लावायची आहेत. पायथन नावाच्या भाषेत त्याला एक शब्द पुरतो. लावून बघा. काळे येतील आधी, मग कावळे, मग काशीकर. ही यादी आपल्या हिशेबाने चुकली! आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, म्हणजे काळे शेवटी हवेत. पण कॉम्प्युटर अक्षरं लावतो ती त्यांच्या युनिकोड क्रमांकाने, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेल्या क्रमांकाने, आणि तिथे ळ बसलाय ल च्या पाठोपाठ, व च्या आधी. क्षीरसागरांची गंमत आणखी वेगळी. कॉम्प्युटरच्या लेखी क्ष हे एक अक्षर नाहीच, तो क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं मोजतो, आणि क्षीरसागर जातात कोल्हटकरांच्या मागे, खऱ्यांच्या पुढे. तक्त्यात क्ष शेवटी असतो, पण त्याला क च्या पोटात घालणारेही आहेत. तुमच्या वहीत काय चालतं, ते तुम्ही सांगायचं. एकदा ते सांगितलं की क्रम दुरुस्त करणारा प्रोग्रॅम आठ-दहा ओळींत बसतो.

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, एआय लिहून देतं की सगळं. देतं, आणि बरंच चांगलं देतं. वर्णक्रम मागितलात तर तोच एक शब्द वापरून मोकळं होण्याची शक्यता भरपूर. यादी न अडखळता छापून येईल, कसली तक्रार येणार नाही, आणि काळे चुकीच्या जागी बसलेले असतील. हे कोणाला दिसेल? ज्याने वर्षानुवर्षं ती वही हाताळली आहे आणि ज्याला समोरच्या दहा ओळी वाचता येतात, त्यालाच. म्हणून माझा आग्रह वाचायला शिकण्याचा आहे. लिहिणं मागाहून येतं.

इथे बँकेतली मंडळी बरीच दिसतात. बँकांच्या यांत्रिकीकरणावरच्या 1984 च्या रंगराजन समितीनंतर शाखांमधून लेजर पोस्टिंग मशिनं, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारी यंत्रं आली, तेव्हा तुम्ही तरुण होतात, पण तुमचे हेडक्लार्क पन्नाशीचे होते. कुरकुरत का होईना, शिकले ना? तर तुमच्यासाठी एक गोष्ट. पायथनला विचारा, 0.1 अधिक 0.2 किती? उत्तर येतं 0.30000000000000004. कॉलेजातली मुलं हसून पुढे जातात. एक पैसा जुळेना म्हणून रात्री नऊपर्यंत थांबलेला माणूस पुढे जाणार नाही, तो कारण विचारेल. कारण असं, की कॉम्प्युटर शून्य आणि एक यांच्यात मोजतो, आणि त्या पद्धतीत एक दशांश पुरता लिहिता येत नाही. एक तृतीयांश आपल्याला दशांशात लिहिता येत नाही तसाच. उपाय जुनाच आहे. हिशेब पैशांत ठेवा, पूर्णांकात, आणि छापताना रुपये करा.

वयाचा तोटा नाहीच, असं मात्र मी म्हणणार नाही. नवी नावं लक्षात राहत नाहीत, स्वल्पविराम आणि पूर्णविराम डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यावर अक्षरं मोठी करणं आणि शेजारी वही ठेवणं, एवढंच करता येतं. तासभर बसा, मग उठा. पायथनने लाल अक्षरांत लांबलचक तक्रार केली तर घाबरून खिडकी बंद करू नका. सगळ्यात खालची ओळ आधी वाचा, काय बिघडलं ते बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं. ओळीच्या शेवटचा कोलन विसरणं हा सगळ्यांचा पहिला अपराध. आणि ज्यांच्या वहीत आकडे देवनागरीत आहेत त्यांनीही निश्चिंत असावं. "१२" असा मजकूर पायथनला दिला आणि संख्या करून दे म्हटलं, तर तो मुकाट्याने 12 देतो. इतकी सोय आपल्या सरकारी फॉर्मांतही नसते.

मोबाइलवर शिकू नका, मान दुखेल. नातवाचा जुना लॅपटॉप चालतो. गुगल कोलॅब, म्हणजे पायथन लिहून चालवून बघायची गुगलची सोय, ब्राउझरमध्येच उघडतं, काही बसवावं लागत नाही. नातवाला शिकवायला बसवलंत तर त्याला माउसला हात लावू देऊ नका, तो दोन मिनिटांत करून टाकेल आणि तुम्ही होता तिथेच राहाल.

एक पथ्य पाळा. प्रयोग मूळ यादीवर करायचा नाही, तिची प्रत काढायची. आणि एआयला मदत मागताना सभासदांचे फोन नंबर, खाते क्रमांक तिथे चिकटवायचे नाहीत. काळे, कावळे, काशीकर अशी तीन खोटी नावं द्या, तेवढ्यावर काम होतं. आता प्रश्न घेऊ.