किंग हेन्रीज रोड आणि आपली मुलं

(इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

सप्टेंबरात इकडे आलेली मुलं आज पहिल्यांदा मंडळात आली आहेत. त्यांचं मनापासून स्वागत. कार्यकारिणीने मला ‘विद्यापीठातले दिवस’ हा विषय दिला आहे. मी त्यातल्या कठीण दिवसांबद्दलच बोलणार आहे, कारण सगळं सुरळीत चाललेल्या मुलाला आपली फारशी गरज पडत नाही.

उत्तर लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. आता ते महाराष्ट्र सरकारच्या ताब्यात आहे. तिथे गेलं की आपण त्यांच्या पदव्यांबद्दल बोलतो. मला मात्र त्यांच्या शिक्षणात पडलेल्या खंडाबद्दल बोलायचं आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम. ए. झाले आणि १९१६ च्या ऑक्टोबरात लंडनला आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन ही संस्था, दोन्हीकडे नाव घातलं. वर्ष होतंय न होतंय तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीवर होती, ती बोटीबरोबर समुद्रात गेली. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून नाव सांगून एका पथिकाश्रमात राहिले, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

या सगळ्यात लंडनची एक गोष्ट हातात उरली होती: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी. मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे बाजूला टाकले. शाहू महाराजांनी मदत केली. न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. घर रमाबाईंनी ओढाताणीत चालवलं. १९२० मध्ये बाबासाहेब परत आले, पुढच्या वर्षी एम. एस्सी. झाले. मग रुपयाच्या प्रश्नावरचा डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितला! तोवर पैसे संपत आले होते. १९२३ मध्ये मुंबईला जाऊन त्यांनी तो दुरुस्त केला आणि तिथून पाठवला. पदवी त्याच वर्षी मिळाली. प्रबंधाचं पुस्तक झालं, तेव्हा त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्यातच सांगितलं की यातले बरेच मुद्दे मला पटत नाहीत. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्याची मतं पटत नाहीत असा विद्यार्थी गुरूने उभा केला, आणि शिष्यानेही ती प्रस्तावना तशीच पुस्तकात छापली.

त्यांनी जे सोसलं त्याच्याशी आपल्या मुलांच्या अडचणींची तुलना होऊच शकत नाही. पण त्या वाटेवर कोण कोण उभं होतं, ते पाहा. एक राजा, एक मित्र, एक पत्नी, दार बंद न करणारं एक विद्यापीठ. माणूस एकट्याच्या जिद्दीवर घडतो असं आपण मुलांना सांगत राहतो, आणि मग मूल अडचणीत एकटंच राहतं.

मुलांनो, इथला पहिला निबंध परत येतो आणि त्यावर ५४ गुण असतात. गावाकडे ८५ टक्के पाहिलेल्या मुलाच्या पायाखालची जमीन सरकते. इथे एम. एस्सी.ला साधारण ५० ला उत्तीर्ण, ६० च्या पुढे चांगला आणि ७० ला विशेष प्रावीण्य असतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. गुणांच्या खाली प्राध्यापकांनी चार ओळी लिहिलेल्या असतात, त्या आधी वाचा. ‘वर्णन आहे, युक्तिवाद नाही’ असं लिहिलं असेल, तर वही घेऊन त्यांच्या भेटीच्या वेळेत जा आणि युक्तिवाद कुठे हवा होता ते विचारा. नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो, आठवड्याला वीस तास दुकानात उभं राहून पाय दुखतात, आणि आईला मेसेज जातो, ‘जेवले, मजेत आहे.’ आजारपण असेल, घरी काही घडलं असेल, तर मुदत उलटायच्या आत विभागाला लेखी कळवा. मुदतवाढीची सोय असते, पण नंतर सांगितलं तर सहसा उपयोग होत नाही. शिक्षणात खंड घ्यायचाच असेल, तर आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात बोला, कारण व्हिसा त्याच्याशी बांधलेला असतो.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. कर्जाचा हप्ता मुलांना पाठ असतो, रोज आठवण करून देऊ नका. ‘नापास झालो’ हे वाक्य फोनवर पुरतं ऐकून घ्या, लगेच उपाय सांगू नका.

आणि कार्यकारिणीला एक प्रस्ताव. गणपतीला आपण मुलांना प्रसादाला बोलावतो. त्यापुढे जाऊन प्रत्येक नव्या विद्यार्थ्यामागे इथलं एक कुटुंब असावं, आणि फेरपरीक्षेच्या किंवा खंडाच्या काळात भाड्यापुरतं बिनव्याजी कर्ज देणारा छोटा निधी असावा. ज्याने घेतलं त्याचं नाव कुठेही वाचलं जाऊ नये. पहिली वर्गणी मी आज खजिनदारांकडे देते आहे. चहाच्या टेबलापाशी वही ठेवली आहे. मुलांनी त्यात आपलं विद्यापीठ लिहावं, आणि घर उघडं ठेवणाऱ्यांनी आपला पत्ता.