ताम्पेरे: १८ मीटर उतारावरचं गिरणगाव

(दृश्य: आकाशातून दिसणारी दोन तळी, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी)

हेलसिंकीहून उत्तरेला निघालं, की रेल्वेने दीड-पावणेदोन तासांत ताम्पेरे येतं. फिनलंडमधलं हे मोठं शहर, वस्ती सुमारे अडीच लाख. वरच्या अंगाला नॅसियार्वी तळं, खालच्या अंगाला प्यूहॅयार्वी, आणि दोन्हींच्या मधे हिमयुगाने रचून ठेवलेला वाळू-गोट्यांचा उंच बांध. वरचं पाणी हा बांध छेदून खाली येतं. त्या खळाळत्या प्रवाहाचं नाव ताम्मेरकोस्की. दोन तळ्यांच्या पातळीत फरक आहे अवघा १८ मीटरचा. शहराचं सगळं नशीब या १८ मीटरांनी लिहिलं.

१७७९ मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने इथे शहर वसवलं, कारण फिनलंड तेव्हा स्वीडनच्या ताब्यात होतं. पण गाव वसवणं वेगळं आणि चालवणं वेगळं. १८०९ मध्ये फिनलंड रशियाकडे गेलं, आणि १८२० मध्ये जेम्स फिनलेसन नावाचा एक स्कॉटिश कारागीर या पाण्यावर यंत्रं चालवायला आला. त्याला कापडगिरण्यांची यंत्रं बनवून विकायची होती. गिऱ्हाईक फारसं मिळालं नाही, मग तो स्वतःच सूत कातायला बसला. झारने शहराला जकातमाफी दिली होती, तिचा मोठा आधार झाला. तरी फिनलेसन काही गडगंज झाला नाही. १८३६ मध्ये गिरणी विकून तो मायदेशी परतला. नाव मात्र मागे राहिलं, आणि पुढच्या मालकांनी त्याच नावाने अवाढव्य कारखाना उभा केला.

(दृश्य: लाल विटांच्या इमारती, पाण्याचा आवाज)

गिरणीने आपल्या कामगारांसाठी शाळा काढली, दवाखाना काढला, चर्चही बांधलं. मागावर बायका मोठ्या संख्येने होत्या. मार्च १८८२ मध्ये विणकामाच्या दालनात विजेचे दिवे लागले. नॉर्डिक देशांतला हा पहिला विजेचा उजेड मानला जातो. दिवे कोणाच्या सोयीसाठी लागले, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. उत्तरेतल्या लांबलचक हिवाळी अंधारातही पाळी थांबू नये, हा हिशोब त्यात होताच.

जिथे गिरणी तिथे युनियन. १९०५ च्या डिसेंबरात इथल्या कामगार भवनात रशियन क्रांतिकारकांची गुप्त परिषद भरली. लेनिन आणि स्टालिन यांची पहिली भेट इथेच झाली. १९१८ च्या यादवी युद्धात ताम्पेरे हा लाल गटाचा, म्हणजे समाजवादी कामगारांच्या बाजूचा, बालेकिल्ला होता. ६ एप्रिलला तो विरोधी पांढऱ्या गटाच्या हाती पडला. घराघरांतून लढाई झाली, वस्त्या जळाल्या, सुमारे ११,००० लाल सैनिक कैद झाले. या शहराच्या मनात ती जखम पिढ्यान् पिढ्या राहिली.

(दृश्य: ग्रॅनाइटचं चर्च, आतली भित्तिचित्रं)

लार्स सोंक याने बांधलेलं कॅथीड्रल १९०७ मध्ये पूर्ण झालं. बाहेरून ते किल्ल्यासारखं जड आहे, आत मात्र चित्रकार ह्यूगो सिम्बेरी याचं अजब जग भरलंय. जखमी देवदूताला दोन मुलगे पालखीसारखं वाहून नेताहेत. दुसऱ्या चित्रात हाडांचे सापळे मन लावून रोपांची निगा राखताहेत. गॅलरीवर नग्न मुलं फुलापानांची जड माळ खांद्यावर घेऊन चाललीत, आणि छतावर चक्क साप. त्या काळी लोक भडकले होते. आज हे शहर पाहायला कोणी आलं, तर मनोऱ्यावर चढण्याआधी इथे अर्धा तास बसावं.

नॅसिनेउला हा तो मनोरा, १९७१ चा. वरून दोन्ही तळी एकाच नजरेत मावतात.

आपल्याकडे हातोहाती पोहोचलेल्या नोकियाची गोष्टही इथलीच. १८६५ मध्ये फ्रेड्रिक इडेस्टामने लाकडाच्या लगद्याची पहिली गिरणी ताम्मेरकोस्कीच्या काठी काढली. नोकिया हे शेजारच्या गावाचं नाव, दुसरी गिरणी तिथे झाली. १ जुलै १९९१ रोजी जीएसएम या डिजिटल मोबाईल यंत्रणेवरचा जगातला पहिला फोन हेलसिंकीहून माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी केला. पलीकडे फोन उचलला ताम्पेरेच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांनी.

गिरण्यांचे भोंगे आता थांबलेत. इमारती मात्र पाडल्या नाहीत, त्यांत संग्रहालयं, चित्रपटगृहं, कचेऱ्या आणि खानावळी आल्या. पाणी अजूनही वीज देतं. पिस्पाला या टेकडीवरच्या जुन्या कामगार वस्तीत रायापोर्ती हा १९०६ चा सार्वजनिक सौना (घाम काढायची तापवलेली खोली) आजही लाकडं पेटवून तापवतात, आणि घामाघूम मंडळी पंचे गुंडाळून अंगणात गप्पा मारत बसतात.

(दृश्य: ताम्मेला चौकातला बाजार)

बाजारात खायचं ते मुस्तामाक्कारा. डुकराचं रक्त, मांस आणि राय नावाचं धान्य भरलेलं काळं सॉसेज, सोबत लिंगनबेरी या लाल रानफळाचा आंबटगोड मुरांबा. शाकाहारी पाहुण्यांनी नुसता मुरांबा मागायला लाजू नये.