गॅस भरण्याआधी ‘टक’ ऐका

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी उभ्या गाडीचं दार उघडलं की आतली झळ सरळ तोंडावर येते. काचा खाली करायच्या, कोंडलेली हवा घालवायची, मग एसी लावायचा, हे तुम्हाला सांगायला नको. पण एसीचा दिवा लागलाय, ब्लोअर जोरात चाललाय आणि हवा काही गार येत नाही, तेव्हा काय करायचं? गॅरेजच्या दारात गाडी लावताच बहुतेक जण एकच वाक्य बोलतात, “गॅस भरून द्या.”

गॅस ही पहिली पायरी नाही. गाडीचा एसी म्हणजे बंद चक्र. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो निवून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना एकदम गार पडतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गाडीतली उष्णता उचलून परत कॉम्प्रेसरकडे जातो. घरच्या फ्रिजमध्येही हेच चालतं, आणि फ्रिजमध्ये आपण दर उन्हाळ्याला गॅस भरत नाही. गाडीत रबरी पाइप आहेत, इंजिनाची थरथर आहे, त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, हे मान्य. पण गेल्या उन्हाळ्यात भरलेला गॅस या उन्हाळ्यात नसेल, तर कुठेतरी गळती आहे. पुन्हा सांगतो, गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो गळतो.

मग पहिली पायरी कोणती? बॉनेट उघडा, इंजिन चालू करा आणि घरातल्या कुणाला तरी आत बसून एसीचं बटण दाबायला सांगा. ओढणी, सैल बाही, हात, सगळं बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. कॉम्प्रेसरची पुली बेल्टबरोबर कायम फिरत असते. तिच्या तोंडावर एक गोल चकती असते, ती मात्र स्थिर असते. बटण दाबलं की ‘टक’ असा आवाज येतो, चकती पुलीला चिकटते आणि तिच्याबरोबर गरगर फिरायला लागते. हा चुंबकी क्लच. तो चिकटला तरच कॉम्प्रेसर चालतो.

या ‘टक’ची किंमत कळायची असेल तर 1939 सालच्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जायला हवं. तिथे डेट्रॉइटच्या पॅकर्ड कंपनीनं 1940 च्या मॉडेलची मोटार मांडली होती. कारखान्यातूनच एसी बसवून मिळणारी ही पहिली गाडी. नुसत्या एसीचे वेगळे 274 डॉलर. त्या काळी साधी नवी फोर्ड सहाशे-सातशे डॉलरला मिळायची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या गाडीचे पैसे गारव्याला! आणि एवढे मोजून काय मिळायचं, ते ऐका. कॉम्प्रेसर पुढे इंजिनाजवळ, पण कूलिंग कॉइल आणि तिचा ब्लोअर थेट मागे, डिकीत. पुढून मागे लांबच लांब पाइप. निम्मी डिकी या यंत्रानंच खाल्लेली. गार हवा मागच्या सीटच्या पाठीकडून यायची. बाहेरची ताजी हवा घ्यायची सोय नव्हती, आतलीच हवा फिरत राहायची.

पण खरी गंमत पुढे आहे. या एसीला थर्मोस्टॅट नव्हता आणि क्लचही नव्हता. ब्लोअर बंद करता यायचा, कॉम्प्रेसर नाही. इंजिन चालू आहे तोवर बेल्ट फिरणार, बेल्ट फिरतोय तोवर कॉम्प्रेसर फिरणार, मग बाहेर ऊन असो की पाऊस. तो थांबवायचा तर गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि बेल्ट हातानं उतरवायचा. डोळ्यांपुढे आणा. चांगल्या कपड्यातला गाडीमालक, नवी कोरी पॅकर्ड, आणि संध्याकाळी हवा गार झाली म्हणून तो बेल्टशी झटतोय! हिवाळा आला की बेल्ट काढून ठेवायचा, उन्हाळा लागला की पुन्हा चढवायचा. 1941 नंतर पॅकर्डनं हा एसी बंद केला. पुढे 1954 साली नॅश कंपनीनं हीटर आणि एसी एकत्र करून सगळं गाडीच्या पुढच्या भागात बसवलं आणि डिकी मोकळी केली.

डिकीवरून आठवलं, म्हणून सांगतो. आपल्याकडे सीएनजीच्या टाकीनं हेच केलंय. गणपतीला कोकणात निघालेल्या चौघांनी बॅगा ठेवायच्या कुठे? आता काही कंपन्या एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात. माझ्या मते हे प्रत्येक सीएनजी गाडीत व्हायला हवं.

तर, पॅकर्डवाल्याला जे काम रस्त्यावर उतरून करावं लागे, ते तुमच्या गाडीत ती चकती एका टकसरशी करते. म्हणून पहिल्यांदा टक ऐका. नव्या काही गाड्यांत क्लचशिवायचा कॉम्प्रेसर असतो, तिथे ही खूण चालत नाही. तिथे पाइप तपासायचे, ते पुढे सांगतोच.

टक आली नाही तर आधी फ्यूज बघा. मग रिले, म्हणजे क्लचला वीज देणारा छोटा स्विच. हॉर्नचा रिले त्याच जातीचा असेल तर अदलाबदल करून पाहा. मग क्लचच्या वायरीत 12 व्होल्ट येतात का, ते मीटरनं बघा. व्होल्ट येतात आणि तरी चकती हलत नाही, तर क्लचची कॉइल जळलेली असते, किंवा चकती आणि पुली यांच्यातली फट वाढलेली असते. ही फट साधारण 0.3 ते 0.6 मिलिमीटर लागते. झिजून वाढली की सकाळी एसी चालतो आणि दुपारी इंजिन तापल्यावर सुटतो. आतला एक पातळ वायसर काढला की पुष्कळदा काम होतं, आणि तेवढ्यासाठी नवा कॉम्प्रेसर घालणं हे पैसे फेकणं आहे. व्होल्टच येत नसतील, तर गॅस कमी झाल्यामुळे प्रेशर स्विचनं क्लचची वीज तोडलेली असू शकते. गॅसचा नंबर लागतो तो इथे.

टक येते, पण गार होत नाही? मग बॉनेटखालचे एसीचे दोन पाइप तपासा. जाड पाइप थंड, बारीक पाइप गरम. पुन्हा ऐका, जाड पाइप थंड, बारीक पाइप गरम. बारीक पाइपाला बोट अलगद लावा, चटका बसतो. दोन्ही पाइप कोमट, तर गॅस कमी तरी आहे किंवा कॉम्प्रेसर दाबत नाही. जाड पाइप व्यवस्थित थंड आणि आत मात्र गरम हवा, तर दोष डॅशबोर्डमधल्या हवा वळवणाऱ्या फ्लॅपचा. तो हीटरच्या बाजूला अडकलेला असतो, आणि गॅस कितीही भरला तरी त्याला फरक पडत नाही.

हायवेला गार, सिग्नलला गरम, ही तक्रार तर घरोघरी. तिथे कंडेन्सरचा पंखा बघा. एसी लावल्यावर तो फिरायलाच हवा. फिरत असेल तर कंडेन्सरची जाळी धुळीनं आणि किड्यांनी बुजलीय का, ते बघा. साध्या नळाच्या पाण्यानं धुवा, प्रेशर पंपानं नको, पत्र्याच्या पात्या वाकतात. हवाच कमी येत असेल तर ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढा. वीस मिनिटं गार, मग हवा मंदावते, दहा मिनिटं बंद ठेवलं की पुन्हा सुरळीत, असं होत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. तो सेन्सरचा दोष, नाहीतर फिल्टर गच्च भरलाय.

गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं यंत्र, लावायची वेळ आली तर मेकॅनिकशेजारी उभे राहा. निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा, लाल काटा जास्त दाबाच्या. आर 134 ए गॅस, बाहेर 35 अंश, इंजिन 1500 आरपीएमवर, तर निळा काटा साधारण 30 ते 45 पीएसआय आणि लाल काटा 200 ते 275 असावा. दोन्ही खाली, तर गॅस कमी. दोन्ही वर, तर गॅस जास्त किंवा पंखा मंद. निळा वर आणि लाल खाली, तर कॉम्प्रेसर थकला.

गळती शोधायची ती जोडांवर. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात आणि पाइपांच्या नटांवर टॉर्च मारा. नायट्रोजनचा दाब भरून साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा ओढून घ्यायची, पावसाळी दमट हवेत पाऊण तास. मग पंप बंद करून वीस मिनिटं काटा बघा. हलला तर गळती अजून आहे, गॅस भरू देऊ नका.

गॅस वजन करूनच भरायचा. किती, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. लहान गाडीला बहुधा 350 ते 500 ग्रॅम. हा स्टिकर इंग्रजीत असतो. तो मराठीतही असता तर निम्म्या गॅरेजमधला अंदाजपंचे कारभार थांबला असता, असं माझं ठाम मत आहे. गॅस कोणता, तेही तिथेच वाचा. नव्या काही गाड्यांत आर 1234 वायएफ असतो, त्यात दुसरा मिसळायचा नाही. स्वस्तात कुणी स्वयंपाकाच्या सिलेंडरमधला गॅस भरून देतो म्हणालं, तर गाडी तशीच बाहेर काढा. कूलिंग कॉइल फुटली तर तो पेट घेणारा गॅस तुमच्या मुलाबाळांच्या पुढ्यात सुटेल.

काम झालं की सर्व्हिस व्हॉल्व्हची दोन्ही टोपणं परत बसवली का, ते बघा. तीही गळती अडवतात. मग एसी लावून दहा मिनिटं थांबा आणि जाड पाइपाला पुन्हा हात लावा. त्याला घाम फुटलेला असेल तर बॉनेट लावून निघा.