शिंगांचा कारभार

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, तेव्हा सांगतो तसं डोळ्यांपुढे आणा. एक जनावर कड्यावरून खाली पडतंय. डोकं खाली, मागचे पाय वर. आणि जमिनीला टेकलीयत ती फक्त त्याची दोन शिंगं. हे आयबेक्स, म्हणजे आल्प्सच्या उंच कड्यांवर राहणारा रानबोकड. चित्र आहे ॲबर्डीन बेस्टियरी या हस्तलिखितातलं. साधारण १२०० साली इंग्लंडमध्ये ते तयार झालं, पुढे आठव्या हेन्री राजाच्या ग्रंथसंग्रहात होतं, १५४२ च्या यादीत त्याची नोंद आहे. आता ते स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीन विद्यापीठात असतं.

बेस्टियरी म्हणजे प्राण्यांची पोथी. प्रत्येक प्राण्याचं चित्र, त्याचा स्वभाव आणि त्यावरून काढलेला ख्रिस्ती बोध. मजकूर बराचसा उसना: फिजिओलॉगस नावाचा जुना ग्रीक ग्रंथ, रोमन लेखक प्लिनी, स्पेनमधल्या सेव्हिलचा बिशप इसिडोर. आयबेक्सबद्दल त्यात लिहिलंय की याची शिंगं इतकी भक्कम, की डोंगरमाथ्यावरून पडला तरी सगळं अंग शिंगांवर तोलून सुखरूप राहतो. ही दोन शिंगं म्हणजे बायबलचे जुना आणि नवा असे दोन करार. ज्याला दोन्ही नीट समजलेत तो विद्वान कितीही मोठ्या संकटात पडला तरी निभावतो. इंग्लंडच्या डोंगरांत आयबेक्स नव्हते. चित्रकारापुढे होतं ते एक वाक्य, आणि त्यानं ते शब्दशः रंगवलं.

मला या पोथ्यांत आवडतं ते हेच. वाघसिंहांना दात-नखं मिळाली, की तिथे काम संपलं. शिंगवाल्यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक शिंगाला वेगळा कारभार सोपवलाय. अँटेलोप या हरणासारख्या प्राण्याची शिंगं करवतीसारखी, झाडं कापणारी. तो युफ्रेटिसचं पाणी पिऊन झुडपाशी खेळायला जातो, शिंगं फांद्यांत अडकतात, तो ओरडतो आणि शिकारी येतो. येल नावाच्या प्राण्याची शिंगं हवी तशी फिरतात. लढताना एक पुढे करायचं, एक मागे राखून ठेवायचं. चित्रकारही इमानानं एक पुढे, एक मागे काढतो.

आणि बोनाकॉन! डोकं बैलाचं, आयाळ घोड्याची, पण शिंगं आतल्या बाजूला वळलेली, म्हणजे कुचकामी. अंगावर आलं तर शिंगावर घ्यायची सोयच नाही. मग हा पळता पळता मागच्या मागे शेण उडवतो, तेही पार तीन एकरांपर्यंत, आणि ज्याला लागेल तो भाजून निघतो. काही चित्रांत शिकाऱ्यांनी ढाल पुढे धरलीय, आणि जनावर मान वळवून निवांत मागे बघतंय. ही चित्रं हल्ली लोक मोबाइलवर एकमेकांना पाठवतात आणि बिचाऱ्या भोळ्या चित्रकाराला हसतात. मला नाही तो भोळा वाटत. अशी मान वळवून ठेवणाऱ्या माणसाला विनोद कळत होता.

आता आपली घरगुती शेळी. ही तर प्रत्येकानं पाहिलेली, पण तिच्याबद्दलही पोथीला सांगायचंच आहे. शेळी उंच डोंगरावर चरते, तिची नजर इतकी तीक्ष्ण की लांबून येणारा माणूस वाटसरू आहे की शिकारी हे तिला ओळखता येतं. म्हणून ती ख्रिस्ताचं प्रतीक. आणि तिचाच नवरा बोकड? तो कामांध, तिरक्या नजरेचा, आणि त्याचं रक्त एवढं गरम की आगीला आणि लोखंडाला दाद न देणारा हिरा त्यात विरघळतो. एकाच दावणीची दोन जनावरं, एक देवाच्या बाजूला आणि एक पापाच्या. न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे, हे मॅथ्यूच्या शुभवर्तमानात आधीच ठरलेलं होतं. बोकडाची बाजू घ्यायला कोणी उरलं नव्हतं.

युनिकॉर्नचंही मूळ याच कळपात आहे. आज मुलींच्या दप्तरावर दिसतो तो एकशिंगी गुलाबी घोडा. फिजिओलॉगसच्या परंपरेत मात्र हा करडाएवढा लहान, पण भलता तापट प्राणी आहे. म्हणून मध्ययुगातल्या पुष्कळ चित्रांत त्याला बोकडासारखी दाढी आणि दुभंगलेले खूर दिसतात. ब्रिटनच्या राजचिन्हावरचा युनिकॉर्न नीट बघा, हनुवटीखाली दाढी अजून आहे.

ज्यावर हे सगळं रंगवलं ते पान तरी कशाचं? वासराच्या, मेंढीच्या किंवा शेळीच्या कातड्याचं. कातडं चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचं, केस काढायचे, चौकटीवर ताणून बांधायचं आणि चंद्रकोरीसारख्या सुरीनं तासत राहायचं. अशा पानाची केसांकडची बाजू जरा पिवळसर असते आणि तिच्यावर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके दिसतात. शाईसुद्धा पोकळ शिंगात भरून ठेवत. मेजाला पाडलेल्या भोकात ते शिंग खोचून लिहीत बसलेले लेखनिक जुन्या चित्रांत दिसतात.

पान कोणत्या जनावराचं हे ओळखायची पद्धत मोठी गंमतशीर आहे. नमुना म्हणून पोथीचा तुकडा कापायला कोणतं ग्रंथालय देईल? मग यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी साधा खोडरबर घेतला. तो पानावर हळूच घासायचा आणि खाली पडलेला भुगा गोळा करायचा. घासताना निर्माण होणाऱ्या स्थिर विजेमुळे कातड्यातल्या प्रथिनाचे कण त्या भुग्याला चिकटलेले असतात. त्यावरून वासरू, मेंढी की शेळी हे कळतं. २०१५ साली तेराव्या शतकातल्या बायबलांवरचं हे काम प्रसिद्ध झालं. त्यांतली काही पानं इतकी तलम आहेत, की ती न जन्मलेल्या वासरांच्या किंवा सशासारख्या लहान प्राण्यांच्या कातड्याची असावीत, असं म्हटलं जायचं. निघाली ती नेहमीचीच तीन जनावरं, आणि शेळीचा वाटा इटलीकडे मोठा. पान तलम झालं ते कारागिराच्या हातामुळे.

ॲबर्डीन विद्यापीठानं ही सबंध पोथी इंटरनेटवर ठेवलीय, फुकट बघता येते. आधी आयबेक्स शोधा, मग बोनाकॉन. नमस्कार.