सेरोटोनिन वाढवायचं, पण कुठलं?

सेरोटोनिन म्हटलं की लगेच मूड, हॅपी हार्मोन वगैरे आठवतं, आणि ते वाढवलं की वजन घटतं असंही कुणी कुणी सांगतं. पण शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसतंच, ते आतड्यात बनतं. १९३० च्या दशकात इटलीत व्हित्तोरियो एर्स्पामेर यांना ते आतड्यातच सापडलं होतं, मग १९४८ ला अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये रक्तातून एक पदार्थ वेगळा काढला त्याला सेरोटोनिन नाव पडलं, आणि नंतर कळलं की अरे हे दोन्ही एकच आहे. मेंदूतलं समजलं ते १९५३ मध्ये.

आता नीट ऐका, कारण वजनाचा सगळा घोळ इथंच आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो आणि सेरोटोनिनला तो ओलांडता येत नाही, त्यामुळे मेंदूतलं मेंदूतच राहतं, बाहेरचं बाहेरच. मेंदूतलं सेरोटोनिन भूक आवरतं, पोट भरलं आता बास असं सांगतं. बाहेरचं मात्र ब्राऊन फॅटला, म्हणजे जी चरबी जळून उष्णता देते तिला, मंद करून टाकतं. २०१५ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या टीमनं उंदरांमध्ये हे दाखवलं, मेंदूबाहेर सेरोटोनिन बनवणारं एन्झाइमच, म्हणजे ते घडवून आणणारं प्रथिनच, नसलेले उंदीर चरबीचं खाणं खाऊनही तेवढे लठ्ठ झाले नाहीत आणि त्यांची शुगरही बरीच ताब्यात राहिली.

म्हणून कुणी "सेरोटोनिन वाढवा, वजन घटवा" म्हणालं की मला राहवत नाही. कुठलं वाढवायचं? फेनफ्लुरामिन या वजन घटवायच्या औषधानं भूक कमी व्हायची हे खरं, पण सेरोटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागी ते चिकटून काम करतं त्या, हृदयाच्या झडपांवरही असतात, लोकांच्या झडपा खराब झाल्या आणि १९९७ ला ते बाजारातून काढावं लागलं. लोरकासेरिन हे वजनाचंच दुसरं औषध खास मेंदूतला रिसेप्टर गाठायला बनवलेलं, तेही २०२० मध्ये कॅन्सरच्या धोक्यामुळे अमेरिकेत मागे घेतलं. लोकांनी ही औषधं विश्वासानं घेतली होती हो.

मग मेंदूबाहेरचं सेरोटोनिनच थांबवूया? तिथं डायबेटीस आडवा येतो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, इन्सुलिन बनवणाऱ्या, त्यासुद्धा सेरोटोनिन बनवतात आणि इन्सुलिन सोडायला त्याची मदत घेतात. गरोदर उंदरिणीत तर या पेशींमधलं सेरोटोनिन प्रचंड वाढतं, त्याच्या जोरावर पेशी वाढतात आणि जास्तीचं इन्सुलिन पुरवतात, ते अडवलं की शुगर चढते.

सेरोटोनिन बनवणारं ते एन्झाइम अडवणारं टेलोट्रिस्टॅट नावाचं औषध २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालंय, पण ते कार्सिनॉइड ट्यूमरमुळे, म्हणजे जास्तीचं सेरोटोनिन सोडणाऱ्या गाठींमुळे, होणाऱ्या जुलाबांसाठी. फक्त आतड्यातलं एन्झाइम रोखेल आणि मेंदू, स्वादुपिंड दोघांनाही हात लावणार नाही, असं लठ्ठपणावरचं औषध अजून यायचंय.