वस्तू मिळते, चिठ्ठी मिळत नाही

(खानदेशातील एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या सभागृहात संग्रहालयाच्या स्वयंसेवकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मंडळी, संग्रहालयात येणारा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. हे किती जुनं आहे? आणि विकलं तर किती येतील? हे कुणाच्या घरातून आलं, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. मला आज त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दलच बोलायचं आहे.

वस्तूंचा आपल्याला तुटवडा नाही. धाब्याची घरं पाडून स्लॅब पडू लागले तेव्हापासून जाती, कंदील, तिफणी, मोटेची चाकं, दुकानाच्या खतावण्या असं सगळं टेम्पो भरून येतं. देणारा सुटकेचा श्वास टाकतो, घेणारा फोटो काढतो. टेम्पो निघून गेला की त्या जात्याचं गाव गेलं, दळणाऱ्या बाईचं नाव गेलं, आणि राहिला तो नुसता दगड. असे दगड भंगारवाल्याकडेही आहेत.

मांड्यांचं खापर घ्या. खानदेशी घरात मी त्याची ओळख काय करून देणार! पण उद्या पुण्याचा नाही, इथलाच दहावीतला मुलगा कपाटापुढे उभा राहील आणि ते खापर उताणं ठेवलेलं असेल, तर तो त्याला मातीची परात समजेल. खापर चुलीवर पालथं बसतं. आतल्या अंगाला जाळ लागतो म्हणून काजळी आत असते, आणि हातावर फिरवून फिरवून मोठा केलेला मांडा पडतो तो बाहेरच्या फुगीर अंगावर. म्हणजे काजळी कुठे आहे एवढं पाहिलं तरी अर्धी माहिती वस्तूच सांगते. उरलेली अर्धी, म्हणजे माती कुठली, कुंभार कोणत्या गावचा, पहिल्या वापराआधी खापर कसं तयार करून घेत, ही मात्र एखाद्या आजीकडेच असते. ती सहलीच्या पोरांमागून आत येते, खापराकडे बघून म्हणते, "हाई ते आमना घर बी व्हतं," आणि पुढे जाते. आपल्या स्वयंसेवकाचं काम तिथे सुरू होतं. तिला खुर्ची द्यायची, चहा सांगायचा आणि वही उघडायची.

हे मी काही नवीन सांगत नाही. खानदेशात ही परंपराच आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड त्यांनी काढले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात देह ठेवला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1927 मध्ये, धुळेकरांनी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं केलं. सरकारी आदेशाची वाट कुणी पाहिली नाही. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा गीतेवर बोलत होते. ती प्रवचनं आज वाचता येतात, कारण समोर बसलेले साने गुरुजी ती लिहून घेत होते. बहिणाबाईंना तर अक्षरओळखही नव्हती. त्यांच्या तोंडची गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी वहीत उतरवली नसती, तर 1951 मध्ये बहिणाबाईंबरोबर तीही गेली असती. मोठ्या माणसांच्या जयंत्या आपण साजऱ्या करतो. माझं लक्ष सारखं शेजारी वही घेऊन बसलेल्याकडे जातं.

आणखी मागे जायचं तर चाळीसगावजवळचं पाटण. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याचा शके 1128 चा शिलालेख आहे. बराचसा लेख संस्कृतात. पण शेवटी भाषा बदलते, तिथलं मराठी येतं, आणि पेठेत येणाऱ्या मालावरचं काय मठाला द्यायचं त्याचा हिशेब सुरू होतो. विद्वानांना वरचा भाग महत्त्वाचा वाटतो, आणि तो आहेच. मला मात्र ते खालचं मराठी फार आवडतं. कुणी दिलं, कशातून दिलं, कुणाला दिलं. आपल्या नोंदवहीतले रकाने तरी याहून वेगळे कुठे आहेत?

तर रकाने. नोंद क्रमांक, आल्याची तारीख, देणाऱ्याचं नाव व गाव, वस्तूचं घरातलं नाव आणि उपयोग. घरातलं नाव म्हणजे अहिराणीत, लेवा बोलीत, भिलीत जे म्हणत असतील ते. प्रमाण मराठी मागाहून लिहा. दान आहे की परतीच्या बोलीवर दिलंय, हेही सहीनिशी घ्या. पुढच्या पिढीतले भाऊ वाटणीच्या वेळी आपल्याच दारात येतात.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, कागदावर बॉलपेनने आकडा नको. मऊ पेन्सिल चालते. मोडी वाचता येत नसली तरी दप्तर सोडून आपल्या मनाने गठ्ठे लावू नका, कारण कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता हीसुद्धा माहितीच असते. आधी बांधलेल्या स्थितीत फोटो घ्या. आणि पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर काही ठेवू नका. आपला मे महिना माणसालाच सोडत नाही, तिथे कागदाची काय कथा.

पितळी भांड्यांची गोष्ट वेगळी. देणारी मंडळी प्रेमाने चिंच लावून, लखलखीत करून आणतात. पण जुन्या हंड्याच्या काठाखाली बोट फिरवून बघा. बारीक ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं: कुणाचं लग्न, कुणी आंदण दिलं, कधी गाव, कधी तारीखही. दर घासणीला ते ठिपके झिजतात. नाव वाचण्यासाठी दिवा बाजूने, तिरपा धरा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही.

एक सावधगिरीचं. शेतात मूर्ती, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड) किंवा नाण्यांचं मडकं निघालं, की लोक आधी आपल्याला फोन करतात. चांगली गोष्ट आहे, पण वस्तू उचलून आणायची नाही. जमिनीत सापडलेल्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तो कायदा 1878 पासून आहे. आणि शंभर वर्षांपुढच्या मूर्तींना 1972 चा पुरावशेष कायदा लागतो. शिवाय वीरगळ जागेवर असतो तेव्हा तो त्या गावाच्या शिवेची गोष्ट सांगत असतो. जागेवरच फोटो काढा, मोजमाप घ्या, तलाठ्याला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

आता पुढचं काम. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्या चार दिवसांत प्रत्येक गल्लीत एकाने तरी बसायचं आहे. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी विचारायची. मग गाणारीचं नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि हे गाणं कुणाकडून शिकली, एवढं तिच्याच आवाजात घ्यायचं. गाणं अर्धवट आठवलं तरी थांबवू नका, दुरुस्त करू नका. दुसरी बाई पुढची ओळ देतेच, आणि कडवं कुठलं यावरून दोघींचं भांडण झालं तर तेही राहू द्या. गल्ल्यांची वाटणी बाहेरच्या फळ्यावर लावली आहे. ज्यांच्या वाट्याला कुठलीच गल्ली आली नाही, त्यांनी आपल्या घरापासून सुरुवात करावी.