क्वार्टरबॅक आणि बाकीचे बावन्न

नमस्कार. सभागृहात सांता क्लाराच्या आसपास राहणारी मंडळी बरीच दिसतात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टीनायनर्स या संघाचे पाठीराखे जास्त असणार. आजची बरीचशी उदाहरणं तुमच्याच जखमेवर मीठ चोळणारी आहेत, एवढं आधीच सांगून ठेवतो.

विषय आहे, अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाच्या यशात क्वार्टरबॅकचा, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, वाटा किती. या खेळात एक अजब रिवाज आहे. क्वार्टरबॅकच्या नावापुढे त्यानं किती सामने जिंकले आणि किती हरले, हे लिहितात. आपल्या क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या नावावर धावा असतात, शतकं असतात. तो कर्णधार नसेल तर संघाचे विजय त्याच्या खात्यावर कुणी मांडत नाही. इथे मात्र ५३ जणांच्या संघानं सामना जिंकला की तो एकाच्या खात्यात जमा होतो. त्याच्यासमोर उभं राहून तीनशे पौंडांची धडक अंगावर घेणाऱ्या लाइनमनच्या नावापुढे असा रकाना तुम्ही कधी पाहिलात?

हा हिशोब खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो अर्धवट आहे. कुठे खरा आणि कुठे अर्धवट, ते बघू.

आधी नवख्या मंडळींसाठी थोडक्यात. मैदानावर एका वेळी ११ जण. आक्रमणाचे ११ वेगळे, बचावाचे वेगळे, आणि किक मारायची वेळ आली की तिसराच ताफा उतरतो. समोरच्या संघाकडे चेंडू असतो तेव्हा, म्हणजे साधारण निम्मा सामना, क्वार्टरबॅक बाकावर बसलेला असतो. उरलेल्या निम्म्यात मात्र जवळजवळ प्रत्येक चेंडू त्याच्या हातातून जातो. पुढची चाल कोणती, हे प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर सांगतो. घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, तसा नियमच आहे. मग समोरचा बचाव कसा उभा आहे, कोण अंगावर येणार, ठरलेली चाल ठेवायची की बदलायची, हे सगळं त्याचं एकट्याचं. चेंडू हातात आला की अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात चार-पाच पळणाऱ्यांपैकी मोकळा कोण, किंवा अजून अर्ध्या सेकंदानं मोकळा कोण होईल, हे ओळखून चेंडू सोडायचा.

हे महत्त्व पहिल्यापासून एवढं नव्हतं. पुढे फेकलेला पास कायदेशीर झाला १९०६ साली, पण पुढची कित्येक दशकं चेंडू घेऊन धावणं हाच खेळाचा कणा होता. खरा बदल १९७८ च्या नियमांनी केला. पास झेलायला पळणाऱ्या रिसीव्हरला पाच यार्डांपलीकडे धक्के देण्यावर बंदी आली आणि लाइनमनना हात पसरून, उघड्या तळव्यांनी अडवायची मुभा मिळाली. फेकणं सोपं झालं, फेकणाऱ्याचा भाव चढला. सहाच वर्षांनी मायामीच्या डॅन मरीनोनं एका हंगामात ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन पास (शेवटच्या रेषेपलीकडे झेलले जाऊन किंवा नेले जाऊन गुण मिळवून देणारे) फेकले. त्या वर्षी तो सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात पोचला, सॅन फ्रान्सिस्कोकडून हरला, आणि पुढे कारकीर्द संपेपर्यंत पुन्हा तिथे गेला नाही. मरीनोपेक्षा सुंदर चेंडू सोडणारा माणूस मला तरी दाखवता येणार नाही. अजिंक्यपदं: शून्य.

आता तुमच्या गल्लीत येतो. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीनं निवडायच्या वार्षिक कार्यक्रमात, ट्रे लान्स नावाचा क्वार्टरबॅक घेण्यासाठी फॉर्टीनायनर्सनी पहिल्या फेरीतल्या तीन निवडी मोजल्या. ज्यांना हा व्यवहार किती मोठा हे कळत नसेल त्यांनी एवढंच समजावं, की तीन वर्षांचे तीन सर्वोत्तम तरुण खेळाडू एका माणसापायी गहाण टाकले. २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला. जिमी गॅरोपोलो आला, डिसेंबरमध्ये त्याचा पाय गेला. मग उतरला ब्रॉक पर्डी. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला सगळ्यात शेवटचा, २६२ वा खेळाडू. या शेवटच्या माणसाला अमेरिकेत थट्टेनं ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात. हा माणूस हरेचना. नियमित हंगामातले सगळे सामने जिंकला, मग प्लेऑफमध्ये सिअ‍ॅटल आणि डॅलस.

पहिला निष्कर्ष काढायला मोह होतो: तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅकही चालतो, मग क्वार्टरबॅकचं एवढं कौतुक कशाला? त्या वर्षी सगळ्यात कमी गुण देणारा बचाव याच संघाचा होता. ख्रिश्चन मॅकॅफ्री, डीबो सॅम्युअल, जॉर्ज किटल, ट्रेंट विल्यम्स आणि डोक्यावर काइल शॅनहानसारखा चाली रचणारा प्रशिक्षक. हे विधान जानेवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत टिकलं.

फिलाडेल्फियाविरुद्धच्या त्या सामन्यात, संघाच्या पहिल्याच आक्रमणात, पर्डीच्या कोपराला मार बसला. बदली जॉश जॉन्सन आला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्या डोक्याला दुखापत झाली. संघाकडे क्वार्टरबॅकच उरला नाही. पर्डीला परत उतरवलं, पण त्याच्यानं लांब फेकवेना. तोच बचाव, तोच मॅकॅफ्री, तोच शॅनहान, आणि ३१-७ अशी धूळधाण. लीगला पुढच्या हंगामासाठी नियम बदलावा लागला: आणीबाणीसाठी तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवायची मुभा द्यावी लागली. दुसऱ्या कुठल्या जागेसाठी असा नियम केलेला माझ्या ऐकिवात नाही.

चांगला क्वार्टरबॅक आणि कामचलाऊ क्वार्टरबॅक यांतला फरक भरून काढता येतो. कामचलाऊ आणि काहीच नाही यांतला फरक कुणालाच भरून काढता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच संघानं एकाच हंगामात दाखवल्या.

याच्या बाजूला दोन जुनी उदाहरणं ठेवतो. २०११ मध्ये पेटन मॅनिंग मानेच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर होता. आदल्या वर्षी १०-६ (दहा विजय, सहा पराभव) असलेले इंडियानापोलिस कोल्ट्स २-१४ वर आले. पहिले १३ सामने ओळीनं हरले. २००८ मध्ये टॉम ब्रेडीचा गुडघा पहिल्याच सामन्यात गेला. त्याच्या जागी आलेला मॅट कॅसल कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून एकदाही सुरुवातीपासून खेळला नव्हता. त्याचा संघ पॅट्रियट्स आदल्या वर्षी १६-०, त्या वर्षी ११-५. एकीकडे आठ विजय गेले, एकीकडे पाच. ब्रेडीपेक्षा मॅनिंग मोठा, असं यावरून सिद्ध होतं का? मला तसं वाटत नाही. कोल्ट्सनी सगळं घर एका खांबावर उभारलं होतं. मॅनिंग आघाडी मिळवून देणार हे गृहीत धरूनच त्यांचा बचाव बेतलेला होता, आणि आघाडीच मिळेना तेव्हा त्या बचावालाही काही सुचेना. पॅट्रियट्सकडे प्रशिक्षक बिल बेलिचिक होता आणि कॅसलला झेपेल असा खेळ त्यानं बेतून दिला. पुढच्या वर्षी कॅसल कॅन्सस सिटीला गेला. तो संघ ४-१२ झाला. माणूस तोच.

अर्थात बेलिचिकलाही उत्तर मिळालंच. २०२० मध्ये ब्रेडी टॅम्पा बेला गेला. पॅट्रियट्स ७-९. टॅम्पा आदल्या वर्षी ७-९ होता, तो ११-५ आणि अजिंक्य. ब्रेडीचे भक्त हे उदाहरण खिशात घेऊनच फिरतात, आणि त्यांना पूर्ण हक्क आहे.

पण तो अंतिम सामना आठवा. समोर कॅन्सस सिटीचा पॅट्रिक महोम्स, त्या घडीचा जगातला सर्वोत्तम. त्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतले दोन्ही टोकांचे नेहमीचे लाइनमन (टॅकल) दुखापतीमुळे बाहेर. सामनाभर तो जीव घेऊन पळत होता. ३१-९, आणि त्याच्या संघाला एकही टचडाउन नाही. चार वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, न्यू ऑर्लिन्सला पुन्हा तेच. फिलाडेल्फियानं त्याच्यावर एकदाही ब्लिट्झ सोडला नाही, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त माणसं त्याच्या अंगावर धाडली नाहीत. पुढच्या फळीच्या बळावरच सहा वेळा लोळवला आणि एका क्षणी ३४-० अशी आघाडी होती. सामना ४०-२२ असा संपला, पण ते आकडे जरा सभ्य आहेत. महोम्स त्या दोन रात्रींत अचानक वाईट खेळाडू झाला होता का? त्याला ते अडीच सेकंद मिळाले नाहीत. क्वार्टरबॅकची सगळी किमया त्या अडीच सेकंदांत असते आणि ती त्याला दुसरे पाच जण देतात.

मॅनिंगचीच उत्तरार्धातली गोष्ट पाहा. २०१३ मध्ये डेन्व्हरकडून त्यानं ५५ टचडाउन पास फेकले, विक्रम केला, आणि सुपर बोल ४३-८ असा गमावला. २०१५ मध्ये त्याचा हात संपला होता. ९ टचडाउन, १७ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेलून पळवलेले पास). मध्ये एकदा त्याला सामन्यातून काढून बसवलंसुद्धा. त्या वर्षी डेन्व्हर अजिंक्य. सामनावीर वॉन मिलर, बचावाचा. मॅनिंगच्या नावावर दुसरं अजिंक्यपद जमा झालं.

आता मला सगळ्यात बोलकी वाटणारी तुलना. ग्रीन बे पॅकर्सकडे १९९२ ते २०२२ अशी सलग तीसेक वर्षं दोनच क्वार्टरबॅक होते म्हटलं तरी चालेल: ब्रेट फार्व्ह आणि अ‍ॅरन रॉजर्स. दोघेही असामान्य. बहुतेक वर्षी संघ शर्यतीत. सुपर बोल जिंकले दोन, प्रत्येकी एक. याउलट वॉशिंग्टनचा प्रशिक्षक जो गिब्ज. १९८२, १९८७ आणि १९९१ या हंगामांत तीन अजिंक्यपदं, तिन्ही वेळा वेगळा क्वार्टरबॅक: थाइसमन, डग विल्यम्स, रिपियन. त्याच्या पुढच्या फळीला ‘हॉग्ज’ असं लाडकं नाव पडलं होतं. नीट पाहिलंत तर दोन वेगळे प्रश्न आहेत. दरवर्षी जानेवारीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, खेळायचं असेल तर क्वार्टरबॅक हवाच, क्लीव्हलँडला विचारा. १९९९ पासून पाव शतकात त्यांनी सुमारे चाळीस क्वार्टरबॅक बदलले आणि एकाही सुपर बोलला पोचले नाहीत. पण शेवटचा सामना जिंकायचा असेल तर बाकीचे बावन्न मोजावे लागतात.

आणि तिथे पैसा येतो. १९९४ पासून सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा, आहे. २०२५ साली प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर. मालक कितीही श्रीमंत असो. २०२४ मध्ये डॅलसनं डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सरासरी सहा कोटी कबूल केले. बोनसची रक्कम पुढच्या वर्षांवर पसरवून हिशोब हलका दाखवता येतो, चलाख कारकून सगळीकडे असतात (हशा), पण कधी ना कधी ते भरावे लागतातच. सिअ‍ॅटलनं २०१३ च्या हंगामात अजिंक्यपद मिळवलं तेव्हा तिसऱ्या फेरीत निवडलेला रसेल विल्सन त्यांना वर्षाला सात लाखांच्या आत पडत होता. वाचलेल्या पैशांत त्यांनी बचाव उभा केला. पर्डीही २०२३ मध्ये नऊ लाखांच्या आत होता. त्या हंगामाअखेर लास व्हेगासला, कॅन्सस सिटीविरुद्धच्या सुपर बोलमध्ये, जे झालं ते तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. ड्रे ग्रीनलॉ मैदानात उतरताना नुसता पळत होता, टाचेची शीर तुटली. समोरच्यांनी लाथेनं दूर टोलवलेला एक चेंडू (पंट) आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून त्यांनाच परत मिळाला, पुढच्याच चालीत टचडाउन. टचडाउननंतरच्या एका गुणाची किक अडवली गेली. जादा वेळेत २५-२२. पर्डीनं एकही इंटरसेप्शन दिलं नव्हतं. पराभव मात्र त्याच्या खात्यात.

पुढच्या वर्षी मॅकॅफ्री आणि विल्यम्स जायबंदी, संघ ६-११. पर्डी १५ सामने खेळला. आणि मे २०२५ मध्ये त्यालाच पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख. त्याच वसंतात सॅम्युअल, ग्रीनलॉ, हुफांगा, वॉर्ड हे खेळाडू संघातून गेले.

मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, तुम्ही मालक असतात तर एवढे दिले असते का? दिले असते. फार खूश होऊन नव्हे. पर्डी गेला तर पुढचा पर्डी २६२ व्या जागेवर पुन्हा सापडेल, असं मानणं हा जुगार आहे, आणि तीन निवडी देऊनही काय मिळतं ते लान्सच्या वेळी पाहिलंच. पण मी एक अट घातली असती: दुसऱ्या क्रमांकाचा माणूस चांगला हवा आणि त्याला झेपेल असा खेळ तयार हवा. फॉर्टीनायनर्सनी नेमकं तेच केलं. २०२५ च्या हंगामात पर्डीच्या पायाचा अंगठा दुखावला, तेव्हा पॅट्रियट्सनी टाकून दिलेला मॅक जोन्स आठ सामने खेळला आणि पाच जिंकला. त्यातले किती जोन्सचे आणि किती शॅनहानचे, यावर प्रश्नोत्तरांत भांडू. पहिला हात त्या मागच्या रांगेतल्या लाल जर्सीचा आहे, माइक तिकडे द्या.